दुसऱ्या हाफची जागा

बसण्याआधी ते खिशातून चौकड्यांचा मोठा रुमाल काढत, शेजारच्या जागेवर पसरत, त्याची टोकं सारखी करत आणि मगच स्वतः बसत.

अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या मुलींच्या शाळेच्या मैदानालगत पत्र्याच्या चार पायऱ्या आहेत. शनिवारी सकाळी आम्ही आईबाप कॉफीचे कप धरून, कुडकुडत मुलींचं सॉकर बघतो. अशा मैदानावर तुम्हीही बसला असाल. ज्याचं मूल खेळत नाही असा एखादा प्रेक्षक तिथे असतोच. आमच्याकडे ते होते.

एकदा कुणाचा तरी रुमाल पडला असं समजून एका बाबांनी तो उचलला. तसे रुमाल पसरणारे ते ताडकन उभे राहिले.

"तिथे जागा धरलीय," मी पुस्तकातून डोकं वर काढून सांगितलं.

नंतर रुमालवाल्यांनी मला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून आधी रुमाल आत जातो, माणूस मागून."

ते इतके हसले, की रेफरीने वळून पाहिलं. मग म्हणाले, "बायकोसाठी आहे. ती दुसऱ्या हाफला येते."

ते घानामधल्या कुमासीचे. इथे विमानतळाची शटल चालवत. "आमच्या स्टेडियमात..." अशीच त्यांची प्रत्येक गोष्ट सुरू होई. फुटबॉल तिथेच, धावण्याच्या शर्यती तिथेच, स्वातंत्र्यदिनाची परेड आणि ईस्टरची प्रार्थनाही तिथेच. त्यांची बायको तिथे सोललेली संत्री विकायची. हाफटाइमला सगळा धंदा. मग रिकामं घमेलं घेऊन ती वर चढायची.

"एवढ्या गर्दीत तुम्हाला शोधायची कशी?"

"मला कुठे? रुमालाला शोधायची."

ती अजून कुमासीतच होती. व्हिसा कितीतरी वर्षं अडकला होता.

"अंकल, बट शी नेव्हर कम्स," माझी ईरा एकदा पटकन बोलून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते शांतपणे म्हणाले, "आमचा हाफटाइम जरा लांबलाय, बेटी."

मागच्या उन्हाळ्यात व्हिसा मंजूर झाला. पुढच्या शनिवारी ते एक जांभळा, जाडजूड कोट घेऊन मैदानावर आले.

"ती तुमच्याएवढीच आहे. घालून बघा."

डोक्यावर एवढं ऊन, आणि मी गळ्यापर्यंत चेन लावून उभी. "हात वर करा. वळा. बर्फात चालून दाखवा." सगळ्या आया हसत होत्या. त्यांनी माझा फोटो काढून तिला पाठवला. लगेच फोनवर तिचा आवाज आला. त्यांच्या भाषेत बराच वेळ काहीतरी.

"काय म्हणतात?"

"म्हणते, हे घालून मी तुझ्या शेजारी मावणार कशी? दोन रुमाल टाक."

तिच्या तिकिटाआधीच ते गेले. विमानतळावर शटल नीट बाजूला लावून, स्टिअरिंगवर डोकं टेकलं, ते उचललंच नाही.

त्यांच्या चर्चमधल्या मित्राने मला पुढचं सांगितलं. तिला बोलावणारे तेच होते. ते गेल्यावर तो व्हिसाही गेला. ती इथे येणार नव्हती. आता शवपेटीतून तेच तिच्याकडे निघाले होते. रुमाल त्यांच्या खिशातच राहू दिला, तो त्यांच्याबरोबर मातीत जाणार होता. बाकी सामानाच्या बॅगेत मित्राने कोट घडी करून ठेवला. मी एकदा कोटाच्या बाहीवरून हात फिरवला.

शनिवारी मी पायरीच्या कडेलाच बसले. शेजारी बसायला कुणी आलं नाही.

मग एका रविवारी फोनवर फोटो आला. पाठवणारा नंबर घानाचा; माझा नंबर त्या मित्रानेच दिला असावा. खाली एक अक्षरही नव्हतं. भरलेलं स्टेडियम, खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं, रणरणतं ऊन. मधोमध काळ्या कपड्यातली एक बाई. मांडीवर सोललेल्या संत्र्यांनी भरलेलं घमेलं. आणि तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर, टोकं सारखी करून पसरलेला, जांभळा कोट.