डब्याचं झाकण

भांड्यावर कोरायची कल्पना माझीच. निवृत्तीनंतर नवऱ्याने क्रिप्टो घेतलं आणि ते सांभाळायला पेनड्राइव्हएवढं यंत्र मागवलं, हार्डवेअर वॉलेट. सील तपासून, खिडकी लावून, दोघांचे मोबाइल आतल्या खोलीत ठेवून तो स्वयंपाकघरात बसला. यंत्राच्या पडद्यावर एकेक इंग्रजी शब्द यायचा, तो कागदावर उतरवायचा. चोवीस शब्द.

"फोटो काढू नको. कोनाले सांगू नको."

"तिजोरी आहे काय हे?"

"तिजोरी नोहे, चाबी हाय. यंत्र मोडलं तर दुसरं आनता येते. हे शब्द गेले तर सगळंच गेलं."

"मग कागदावर काऊन लिहून राह्यले? आपल्या घरातली वाळवी कागद सोडते काय? भांड्यावर घाला."

त्याची अख्खी नोकरी पुलगावला वर्कशॉपमध्ये झालेली. भांड्यांवर नाव घालायचं मशीन घरीच होतं. मोठ्या स्टीलच्या डब्याच्या बुडाशी त्याने पहिले बारा शब्द कोरले, उरलेले झाकणाच्या आतून. कागद गॅसवर जाळला. मग यंत्र कोरं करून, डब्यावरून शब्द वाचून पुन्हा उभं केलं. ते जमल्यावरच त्यात पैसे वळवले. माणूस पक्का होता. सगळे शब्द एकाच घरात नकोत, तेव्हा झाकण आर्वीला त्याच्या बहिणीकडे ठेवायचं ठरलं होतं, पुढच्या खेपेला नेऊ म्हणून दोन्ही माळ्यावरच राहिली. यंत्र उघडायचा पिन त्याने कुठेच लिहिला नाही. "तो माह्या डोक्यात हाय," म्हणाला.

गेल्या उन्हाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'नाई' तेवढं उरलं.

मी वर्ध्याच्या दवाखान्यात त्याच्यापाशी होते. घराची किल्ली समोरच्या वहिनींकडे. त्यांनी गल्लीतल्या बायकांना हाताशी धरून आमचं जेवण सांभाळलं. डबे कमी पडले तसे आमच्या माळ्यावरून काढले. एके दिवशी वहिनींनी खाटेशेजारी खिचडीचा मोठा डबा ठेवला आणि नवरा डाव्या हाताने लोखंडी कठड्यावर मारू लागला. नाई, नाई.

"भाऊजीले खिचडी नाई आवडली वाटते," वहिनी म्हणाल्या.

"आवडीनिवडी काढायची वेळ आहे काय ही?" मी त्याला म्हटलं, आणि भरवलं.

डबा घासायला घेतला तेव्हा बुडाशी अक्षरं हाताला लागली. झाकण पाहिलं. घट्ट बसलं होतं, पण दुसऱ्या डब्याचं होतं. आतून गुळगुळीत.

घरी आल्यावर गल्लीतलं एकेक स्वयंपाकघर पालथं घातलं. कोणी म्हणालं ते मोडीत गेलं असेल, कोणी म्हणालं लग्नाघरी. वहिनी रडल्या. त्यांना काय बोलणार? त्यांनी आम्हाला जेवू घातलं होतं.

पिन तीनदा चुकला की यंत्र स्वतःला पुसून टाकतं. दोनदा मी चुकले. त्याच्या हातात यंत्र दिलं तर तो नुसता त्याच्याकडे पाहत राहतो. लॅपटॉपवर पैसे दिसतात. त्याच्या उपचारासाठी ते हवे आहेत, पण काढता येत नाहीत. तिसऱ्यांदा मी प्रयत्न केलेला नाही.

आता कोणाकडून डबा आला की तो डावा हात पुढे करतो. मी झाकण उलटं करून दाखवते.

"नाई," तो म्हणतो. मग मी जेवण वाढते.