जागेवर जाऊन पाहिलं?

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माझं मलाच कळत नाही.

आमचं गाव वेल्ह्याच्या वाटेवर, नदीकाठी. नळाची मोटर जळाली की आम्ही डोहाचं पाणी भरतो, आणि ती जळतेच. माझ्या सासूबाई — मी त्यांना आत्या म्हणायचे — हंडा बुडवायच्या आधी पदराच्या गाठीतला भाकरीचा चुरा पाण्यावर टाकायच्या. मासे वर आले तरच हंडा भरायचा. नाहीतर रिकामा घेऊन माघारी. मला लई हसू यायचं.

मग पुण्याच्या काही लोकांनी डोहात मुठीएवढं मशीन सोडलं. पाण्यात काही वाईट मिसळलं की माझ्या मोबाईलवर लाल खूण. देखभाल माझ्याकडे, कारण मी बारावी झालेली. काय तोरा होता माझा! आत्यांना म्हटलं, आता माशांना कशाला विचारताय, मला विचारा. त्यांनी ऐकलं हो. चुरा टाकायचा सोडला.

मशीन गुणी होतं, पण त्याला शेवाळ चढायचं. शेवाळ चढलं की उगाच लाल व्हायचं. मग डोहावर जायचं, दातांच्या जुन्या ब्रशनं घासायचं, पुन्हा बघायचं. मोबाईल विचारायचा — जागेवर जाऊन पाहिलं? होय दाबलं की खूण जायची, पाणी ठीक अशी नोंद व्हायची. कितीदा तरी गेले असेन मी. दर वेळी शेवाळच.

त्या दिवशी मी भोरच्या एसटीत होते. खिडकीची जागा मिळालेली. लाल खूण आली. आठवडाभर मी मशीन घासलंच नव्हतं — म्हणजे शेवाळच असणार, दुसरं काय? गावात कुणालाही फोन करून बघायला सांगता आलं असतं. पण मग माझा आळस चव्हाट्यावर आला असता. मी होय दाबलं.

थोड्या वेळानं आत्यांचा फोन.

"मशीन काय म्हणतंय गं? भरू का पाणी?"

"भरा आत्या. समदं ठीक हाय."

घरात पहिला तांब्या त्यांचाच असायचा. त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या, म्हणून बाकीचे वाचले. मी परतले तेव्हा डोहावर मासे उलटे तरंगत होते. वरच्या अंगाला कुणी काय ओतलं, कधीच कळलं नाही.

मशीनवाले भोरच्या दवाखान्यात विचारायला आले. मी तोंड उघडायच्या आधी आत्याच बोलल्या, धाप लागलेली असताना — "माजी सून सोता जाऊन बगून आली व्हती. तुमचं मशीनच लबाड."

मी गप्प राहिले का? नाही. मी मान हलवली — हो म्हणून. तिसऱ्या दिवशी आत्या गेल्या.

जाऊन घासल्यावरही त्याला विष कळलं नाही, म्हणजे मशीन भरवशाचं नाही, असं लिहून त्यांनी ते काढून नेलं. गाव अजून त्याला शिव्या घालतं. माझा नवरा तर सगळ्यांत जास्त. ते खरं बोललं होतं, हे फक्त मला ठाऊक.

डोहात मासे परत आलेत. मोटर जळाली की आता मीच पदरात चुरा बांधून नेते. घरी आले की नवरा विचारतो, पाणी बघितलंस ना? मी होय म्हणते. तो लगेच तांब्या तोंडाला लावतो.