मैदानावरच्या परीक्षेचे गुण

आमच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाची जागा निघाली आणि निवड समितीत मलाही घेतलं. मी मराठीचा प्राध्यापक, जन्मात कधी त्या चेंडूला हात लावलेला नाही. बाकीचे तिघेही त्याच लायकीचे.

महागावकडून मुलाखतीला आलेली ती बाई अजून डोळ्यांसमोर आहे. चाळिशीची, साडीखाली कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिटी. खुर्चीत बसताना तिने शिटी मुठीत धरली, ती शेवटपर्यंत सोडली नाही. आम्ही काय विचारलं? नवरा काय करतो आणि रोजचं येणं-जाणं झेपेल का! खेळाचा एक प्रश्न नाही. जागा संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याची, हे शिपायालाही ठाऊक होतं. तो मुलाखत आटोपून केव्हाच घरी गेला होता. गुणांच्या तक्त्यात मैदानावरच्या परीक्षेचा रकाना होता, तोही आम्ही पंख्याखाली बसूनच भरला. त्याला तीसपैकी अठ्ठावीस, तिला नऊ. खाली चौघांच्या सह्या.

जेवण उरकून बाहेर आलो तर ती भर उन्हात मैदानावर उभी. पदर खोचलेला, पिशवीतून आणलेला स्वतःचा चेंडू काखेत.

"सर, जाहिरातीत मैदानावरची परीक्षा लिहून हाय. मी वाट पाहून राह्यली. कोन घेते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडणार कोणावर?

"झाली ती," मी म्हणालो.

"कवा? मी तं इथंच होती, सर."