चार दिवस तोच आकडा

पाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत तपासनीसबाईंना अठरा वर्षं झाली होती. एखादी गोष्ट पटली नाही, की मुळापर्यंत गेल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. पंपवाले काका त्यांना तोंडावर ‘उकरीबाई’ म्हणत.

गुरुवारी दुपारी संगणकाच्या पडद्यावरचा क्लोरीनचा आकडा रजिस्टरात उतरवताना त्यांचं पेन थबकलं. ०.४२. वरच्या ओळीतही ०.४२. मागचं पान उलटलं, तिथेही तेच.

“काका, सोमवारपासून आकडा हललेला नाही!”

“बरंच की. आपला पगार तरी कुठे हलतोय?”

“पाणी आहे ते, पुतळा नव्हे!”

पडद्यामागचा प्रोग्राम पायथन या संगणकभाषेतला, मोफत मिळालेला. त्याचा कोड कुणीही वाचावा. बाई भाच्याच्या खनपटीला बसून पायथन शिकल्या होत्या. त्यांनी कोड उघडून क्लोरीन मोजणाऱ्या यंत्राचा, म्हणजे ‘सेन्सर’ हा शब्द शोधला. एकसष्ट जागा निघाल्या. माहितीपत्रकात सगळं गोडगोडच असतं, म्हणून त्या कोडच वाचत सुटल्या. चाळिसाव्या जागी त्या थांबल्या. सेन्सरने उत्तर दिलं नाही, तर मागचाच आकडा दाखवून पुढे जायचं, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. आणि पाण्यात किती क्लोरीन सोडायचा, हे त्याच आकड्यावरून ठरत होतं. वर लिहिणाऱ्याची टीप: ‘तात्पुरती सोय. खऱ्या वापराआधी इथे धोक्याची सूचना घालावी.’ टीप सहा वर्षांपूर्वीची. आता शिव्या कुणाला घालायच्या? त्या माणसाने तर सांगून ठेवलं होतं. वाचलं कुणी नव्हतं. बाईंनीही नाही.

त्यांनी काचेच्या नळीत पाणी घेतलं, तपासणीची गोळी टाकली. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. पूर्वी ही तपासणी रोज व्हायची. पडदा आला आणि त्यांनीच ती सोडून दिली. पाणी होतं तसंच राहिलं. दुसऱ्या नळीतही तेच.

“काका, व्हॉल्व्ह बंद करा.”

“साहेबांना विचारलंत? चारपर्यंत पाणी सोडायचं...”

“साहेब गेले खड्ड्यात! चार दिवस लोक बिनऔषधाचं पाणी पितायत आणि रजिस्टरात सही माझी आहे!”

काकांनी नळीकडे पाहिलं. एकही विनोद न करता ते धावत सुटले.

बाईंनी घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

“आई, नळाचं पाणी कुणाला देऊ नका!”

“आत्ता सांगतेस होय गं? तुझ्या धाकटीला सकाळपासून जुलाब होतायत. मी घोटघोट पाणी पाजत बसलेय तिला.”

“नळाचंच?”

“मग काय विहिरीचं?”