गोधडीला लागलेला दोरा

गोष्ट फक्त एका दोऱ्याची आहे. ती लिहावी की नाही, असा बरेच दिवस विचार केला. पण मुंबईच्या कॉलेजात जे शिकलो त्याहून ती जास्त वेळा आठवते, म्हणून लिहितो.

कापसाला भाव चढला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. अमेरिकेत कुठं तरी लढाई चालली आहे आणि तिच्यामुळं आमच्या अकोल्याच्या बाजारात गाड्यांची रांग लागते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. एवढंच आठवतं की एका दुपारी वडिलांनी अंगणात बसून घरातल्या साऱ्या गाद्या आणि गोधड्या उसवल्या. आतला जुना, दबलेला कापूससुद्धा घ्यायला व्यापारी तयार होता. घरोघरी तेच चाललं होतं. "पुढच्या साली नवा भरू," वडील म्हणाले. त्या हिवाळ्यात आम्ही तरटावर निजलो. माझ्या बहिणीला आणि मला त्याची गंमतच वाटली. आईला वाटली नसावी.

तिनं रिकाम्या खोळी धुऊन, घड्या घालून पेटीत ठेवल्या. वडिलांनी त्या वर्षी स्वतःसाठी बारीक सुताचं एक धोतर घेतलं होतं. लग्नकार्य असलं की तेवढ्यापुरतं ते नेसत. पुढं लढाई संपली, भाव उतरला, आणि एका पावसाळ्यात तापानं वडील गेले. ते धोतरही पेटीत गेलं. गोधड्या काही पुन्हा भरल्या गेल्या नाहीत.

मी कॉलेजातून पहिल्या दिवाळीला घरी आलो तेव्हा बहिणीची सासरी जाण्याची वेळ आली होती. भाऊबीज झाली की आठव्या दिवशी तिला दर्यापूरकडं नांदायला जायचं होतं. आमच्या घरची रीत अशी की लेकीची पहिली गोधडी आईनंच घालायची, म्हणजे शिवायची. लेकीनं स्वतः घालायची नाही, आणि दुसऱ्या कोण्या बाईचा हात तिला लागू द्यायचा नाही. आईनं ठरवलं होतं, वरून वडिलांचं धोतर, खाली जुन्या खोळी आणि मध्ये आमच्या वावरातल्या कापसाचा पातळ थर. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजूनही आणला होता. पण वर्षभरात तिची नजर अधू झाली होती.

"सुईचं भोकच दिसत नाही मले," ती म्हणाली. "दोन दिवस झाले, एक ओळ घालून राहिली. तेही वाकडी, उसवून टाकली."

मी घाबरत घाबरत सांगितलं की अमरावतीला कॅम्पाजवळच्या एका दर्जीनं शिवण्याचं यंत्र आणलं आहे. गोधडी त्यावर घालता येईल.

आईनं बराच वेळ विचार केला. मग विचारलं, "मशिनीले हात असते का?"

"नाही."

"मंग कोण्या बाईचा हात लागला असं होत नाही. चाल."

यंत्राची गोष्ट मला आधीच ठाऊक होती आणि मुंबईहून येताना मी एक विलायती रीळ आणलंही होतं. दोरा चकचकीत, खळ दिलेला, सहा पदरी. दोन्ही हातांनी ओढला तर बोट कापायचा पण तुटायचा नाही. दुकानात मी हेच पाहून तो निवडला होता. जो तुटत नाही तो चांगला, याहून जास्त विचार माझ्या मनात आला नव्हता. बहीण रीळ पाहून हसली. "साऱ्या वऱ्हाडाचा कापूस मुंबईले गेला, अन् दादा तिथून एक रीळ वापस घेऊन आला!"

सकाळच्या आगगाडीनं आई आणि मी बडनेऱ्याला उतरलो आणि तिथून बैलांची दमणी करून अमरावतीला गेलो. गाठोडं आईनं वाटेत कोणाच्या हाती दिलं नाही, माझ्याही नाही.

दर्जी म्हातारा होता. सगळे त्याला चाचा म्हणत. यंत्र हातानं दांडा फिरवून चालवायचं होतं. त्यानं धोतरावरून बोटं फिरवली, मग माझं रीळ उजेडात धरलं.

"बाबूसाब, हा दोरा तंबूले चांगला. घोड्याच्या झुलीले चांगला. इथं कायले?"

"चाचा, हा सगळ्यांत मजबूत आहे. बघा, तुटत नाही."

"तेच तं मी बी म्हणून राहिलो, तुटत नाही."

मला त्याचं म्हणणं समजलं नाही. पण समजलं नाही असं म्हणवेना. दोरा विलायतेत कसा पिळतात ते मी त्याला सांगू लागलो. त्यानं थोडा वेळ ऐकलं. "कॉलेजवाल्यासंगं कोण हुज्जत घालीन," असं म्हणून त्यानं रीळ चढवलं.

"हा दांडा कोण फिरवते?" आईनं विचारलं.

"मीच. दुसरं कोण?"

"मी फिरवू? लेकीची गोधडी हाय."

चाचा हसला. "फिरव माय. लेक तुझी, दांडा बी तुझा."

तो कापड सरकवत होता, आई दांडा फिरवत होती. ओळ गोधडीच्या मधोमध निघाली, सरळ आणि चमकदार. मला फार आनंद झाला. पण आई मध्येच थांबली.

"हे कापड ओढून राहिलं. मले हाताले लागते."

"काही नाही, यंत्र नवं आहे," मी म्हणालो. यंत्राबद्दल मला तिच्याहून जास्त काय ठाऊक होतं, कोण जाणे.

ओळ पुरी झाली. चाचानं तिच्या दोन्ही बाजू चिमटीत धरल्या आणि हलकासा ताण दिला. टर्र असा आवाज झाला. सुईच्या भोकांवरून धोतर चार बोटं फाटलं. दोरा तसाच होता, चकचकीत.

आईनं फाटल्या जागेवरून बोट फिरवलं, इकडून तिकडं, मग पुन्हा इकडं. "तुह्या बापाचं धोतर हाय हे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

चाचालाही वाईट वाटलं असावं. "माहीच चूक झाली माय. पयले चिंधीवर पायले पायजे होतं."

मग आईनं गाठोड्यातून स्वतः कातलेल्या सुताची गुंडी काढली. ते सूत मऊ होतं, पण जाडबारीक. गाठ आली की सुईच्या भोकात अडकायचं. तीनदा तुटल्यावर तिनंच ते काढून घेतलं. शेवटी चाचानं पत्र्याच्या डब्यातून एक रीळ शोधून काढलं. दोरा सुतीच होता, दोन पदरी, बिनखळीचा. चमक अजिबात नाही. मुंबईच्या दुकानात मी त्याच्याकडं पाहिलंही नसतं. त्यानं वरही तोच ओवला आणि खालच्या फिरकीतही तोच भरला. यंत्राचा ताण ढिला केला, टाका लांब केला. धोतराच्या काठाची एक चिंधी, खाली खोळीचा तुकडा, मध्ये चिमूटभर कापूस, असं शिवून आईच्या हाती दिलं.

"ओढ माय. जोर लाव."

तिनं ओढलं. दोरा टुक करून तुटला. कापडाला काही झालं नाही.

"जुन्या कापडापुढं दोरा गरीब पायजे," चाचा माझ्याकडं न पाहता म्हणाला.

"तुटला तं टाका पुन्हा घालता येते," आई म्हणाली. एवढंच बोलून ती दांड्याशी बसली.

आधीची ओळ चाचानं एकेक टाका कापून उसवली आणि पुन्हा मधूनच सुरुवात केली. दुपारभर आईनं दांडा फिरवला. मध्ये एकदा मी "मी फिरवू का" असं विचारलं. तिनं नाही अशी मान हलवली. एकदा डोळे मिटून फिरवत असताना ती म्हणाली, "आता ओढत नाही." उन्हं उतरेपर्यंत गोधडी झाली.

फाटलेली जागा मात्र तिनं घरी येऊन हातानं ठिगळ लावून झाकली. सुईत दोरा मी ओवून दिला, चाचाकडून मागून आणलेला. टाके तिनं बोटांनी चाचपून घातले. साऱ्या गोधडीत तेवढेच हाताचे होते, आणि वाकडे. आठव्या दिवशी बहीण ती गोधडी घेऊन गेली.

यंदा उन्हाळ्यात मी तिच्याकडं गेलो होतो. गोधडी अंगणात बाजेवर वाळत होती. मी पायही न धुता तिच्याजवळ गेलो आणि ओळी तपासू लागलो.

"दादा, पाणी तं पे आधी! गोधडी काय पयून चालली?"

दोन ठिकाणी दोरा तुटला होता. तिथं बहिणीनं लाल दोऱ्यानं टाके घातले होते, बरेचसे वाकडे. धोतर कुठं फाटलं नव्हतं. आईचं ठिगळही जागेवर होतं.

"तुटला होता," ती म्हणाली. "मंग म्या घातला."

माझं विलायती रीळ अजून माझ्या पेटीत आहे. त्या दोऱ्यानं मी वह्यांचे कागद शिवतो. कागद जाड घ्यावा लागतो.