पिवळं खुराडं

रंगाऱ्याच्या घराला रंग नव्हता. गल्लीतली निम्मी घरं त्याच्या हातची, आणि स्वतःच्या भिंतींचे पोपडे निघालेले. मागच्या खोलीच्या खिडकीची चौकट तर इतकी भेगाळलेली, की एखाद्या फटीत आगकाडी रोवून उभी करावी. बायको बोलती होती तेव्हा रोज सुनवायची, "अहो, जगाच्या खिडक्या रंगवता, या एका खिडकीने तुमचं काय घोडं मारलंय?" तो म्हणायचा, "पुढच्या महिन्यात नक्की." हा पुढचा महिना लग्न झाल्यापासून यायचा राहिला होता.

मग बायकोच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा मनगटापासून थोडा उचलला जायचा, तोही मनात असेल तेव्हा. रंगाऱ्याने तिची खाट त्याच खिडकीपाशी लावली, कारण खिडकीबाहेर परसात तिच्या कोंबड्या होत्या.

कोंबड्या तिच्याच. त्याला त्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. धुऊन वाळत टाकलेल्या ब्रशांवर त्या घाण करायच्या आणि हा चप्पल घेऊन मागे धावायचा. पाच जणी होत्या. त्यातली ठिपकी भलती आगाऊ. खुराडं खिडकीखाली भिंतीला चिकटूनच होतं. त्याच्या छपरावर चढून ठिपकी मान वाकडी करून खोलीत बघायची, आणि तेव्हा बायकोच्या तोंडाचा डावा कोपरा जरासा हलायचा. दुसऱ्या कशाने हलत नसे. लेक परगावाहून फोनवर बोलली तरी नाही, हा जवळ बसून जुन्या गोष्टी उकरत राहिला तरी नाही. त्या एवढ्याशा हालचालीवर माणूस दिवस काढत होता. कोंबड्या गेल्या तर ही पण जाईल, अशी त्याच्या मनाने खूणगाठ बांधली होती.

अशात कोंबड्यांचं बिनसलं. संध्याकाळ झाली की आपणहून आत शिरणाऱ्या, त्या खुराड्याच्या दारातून मागे फिरायला लागल्या. एकेकीला धरून आत कोंबावं लागायचं. तुरे फिके पडले, अंडी बंद झाली, आणि एक दिवस ठिपकी छपरावर चढायला गेली ती अर्ध्यातून खाली आली. ती परत चढलीच नाही.

रंगाऱ्याने खुराड्यातली बसायची दांडी उचकटली. खोबणीत राखाडी भुकटी साचलेली. बोट लावलं तर भुकटी चालायला लागली. टाचणीच्या टोकाएवढे लाल किडे बोटावरून मनगटावर चढले. त्याने हात झटकला, धुतला, तरी दिवसभर अंगावर काहीतरी चालतंय असं वाटत राहिलं.

जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर त्याच्या ओळखीचा. त्याने औषधी भुकटीची पुडी दिली. "ही पंखांखाली चोळा. पण खरं काम खुराड्याचं आहे. हे किडे कोंबडीवर राहत नाहीत, अंधार पडला की रक्त प्यायला येतात आणि दिवसा लाकडाच्या भेगांत जाऊन बसतात. खुराडं सगळं सुटं करा, घरापासून लांब न्या. फळ्यांवर उकळतं पाणी ओता. जे साफ होणार नाही ते सरळ जाळा."

"आणि तोवर कोंबड्या?"

"ठेवा कुणाकडे तरी. थोडे दिवसच."

थोडे दिवस. कंपाउंडरला बोलायला काय जातंय. खिडकीत कोंबड्या नसलेले थोडे दिवस कसे जायचे, हे त्याला कुठे ठाऊक. आणि रंगाऱ्याने त्या सगळ्या बोलण्यातला नेमका एकच शब्द उचलला होता. भेगा. भेगा हा तर त्याचाच प्रांत. आयुष्यभर दुसरं केलं काय त्याने? भेगेत लांबीचा लगदा भरायचा, घासायचा, वरून रंग. भेग औषधालाही उरत नाही.

त्याच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला त्याने एकच गोष्ट बोलून बोलून वीट आणला होता. आधी खरवडा, मग भरा. आतली घाण काढल्याशिवाय वरून थापलंत तर हात मोडून ठेवीन. तोच माणूस त्या दिवशी न खरवडता थापायला बसला. त्याला घाई होती. कोंबड्यांना भुकटी चोळून टोपलीखाली झाकलं, खुराड्याची फट न् फट लांबीने बुजवली आणि कुणाच्यातरी फाटकाचा उरलेला पिवळा रंग दोन हात मारला. दुसऱ्या दिवशी रंग वाळला आणि कोंबड्या परत आपल्या जागी.

शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊजी, शेवटी कोंबड्यांच्या घराला रंग लागला. आता तुमच्या घराचा नंबर कधी?"

"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला आणि कित्येक दिवसांनी हसला.

आणि खरंच गुण आला. कोंबड्या मुकाट आत जायला लागल्या, तुरे लाल झाले, ठिपकी छपरावर चढून पुन्हा टकामका बघायला लागली. रंगाऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. अंडी आली तशी त्याने दोन वहिनींना नेऊन दिली.

त्याच सुमारास बायकोचा हात हलायला लागला. ती मनगट उचलायची, बोटं खिडकीकडे करायची, हात पडायचा. पुन्हा उचलायची. रंगाऱ्याला वाटलं, पिवळा रंग आवडला. तो म्हणाला, "झ्याक झालंय ना?" आणि खिडकी सताड उघडली. हात थांबेना. मग त्याला वाटलं, हिला नीट दिसत नसेल. त्याने खाट सरकवून पार चौकटीला टेकवली. हात जास्तच उठायला लागला, आणि घशातून एक आवाज यायला लागला. तेव्हा मात्र त्याला पक्कं कळलं. त्याने ठिपकीला उचलून आत आणलं आणि तिच्या कुशीत बसवलं. "घे बाई. एवढ्यासाठी चाललं होतं होय?" बायको त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याच्याही आलं.

मग तो रोज दुपारी ठिपकीला तिच्याजवळ ठेवायला लागला. तिच्या दंडावर लाल पुरळ दिसलं. पडून पडून उबलंय, म्हणत त्याने घामोळ्यांची पावडर लावली. दिवस गेले तसा हात हलायचा कमी झाला आणि एकदाचा थांबला. ती डोळे मिटून पडून राहायची. "आता बरीच शांत झालीय," तो वहिनींना म्हणाला. "कोंबडी अंगाला लागली की तिचा जीव थंडावतो."

वहिनी आठवड्यातून एकदा तिचं अंग पुसून द्यायला यायच्या, पण मध्ये त्या माहेरी जाऊन राहिल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी तिला कुशीवर वळवलं आणि हातातलं फडकं तसंच धरून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, इकडे या. हे घामोळं नाही."

मानेपासून कमरेपर्यंत पाठ लाल झाली होती. मधेमधे कातडी सोलली होती. गादीच्या शिवणीत राखाडी भुकटी होती आणि चादरीवर बारीक ठिपके, गेरूपेक्षा गडद. रंगाऱ्याने खाट पुढे ओढली. ठिपके खाटेच्या पायावर होते, भिंतीवर होते, खिडकीच्या चौकटीकडे जात होते. त्याने लांबी भरायचा पातळ पत्रा आणला आणि चौकटीच्या भेगेत घातला. पत्र्याबरोबर ते लाल किडे बाहेर आले. आणि येतच राहिले.

खुराड्यातली त्यांची घरं त्याने बुजवली होती. त्यांनी हातभर वर दुसरं लाकूड बघितलं. न रंगवलेलं. शेजारी जिवंत माणूस, खाजवू न शकणारं.

पत्रा त्याच्या हातातून पडला. बायको खिडकीकडे बोट करत होती. कोंबड्या नाही, पिवळा रंग नाही. ती चौकट दाखवत होती, आणि त्याने तिला उचलून चौकटीला नेऊन टेकवलं होतं. वर हसून विचारलं होतं, झ्याक झालंय ना.

वहिनींनी पाच कोंबड्या आपल्याकडे नेल्या. रंगाऱ्याने खुराडं फोडलं, चौकट उखडली आणि परसात दोन्ही एकत्र पेटवली. पिवळ्या रंगाचा धूर घरभर झाला. गादी जाळली, खोली उकळत्या पाण्याने धुतली, खाट समोरच्या भिंतीला नेली. खिडकीच्या भोकावर फळ्या ठोकल्या. आता त्या खोलीतून काही दिसत नाही.

डॉक्टरांच्या मलमाने पाठ वाळली. किडे गेले, असं सगळे म्हणतात. पण बायको हात उचलत नाही. उचलता येत नाही की उचलायला नको वाटतं, हे त्याला कसं कळणार? ठिपकीला कडेवर घेऊन तो एकदा दारात उभा राहिला. बायकोने डोळे मिटून घेतले. तो कोंबडी परत ठेवून आला.

आता तो कामाला जात नाही. जेवण भरवून झालं की खाटेपाशी बसतो, तिच्या दंडावर बोटं ठेवतो आणि हळू खाजवतो. "इथे?" तो विचारतो. मग खांदा. "इथे का गं?" मग मान, मग पाठ. प्रत्येक ठिकाणी थांबून तो तिच्या डाव्या हाताकडे बघतो. हात चादरीवर पडलेला असतो. तो पुन्हा दंडापासून सुरुवात करतो.