अनवाणी उतरले ते
जावयाच्या छातीपर्यंतच्या रबरी पँटमध्ये पाणी भरलं आणि तो उभ्याउभ्याच खाली गेला. मी खडकावर होते आणि आमचे हे माझ्या पायाशी पडून खोकत होते. आम्ही मुलीकडे आलो होतो, तेव्हा मेलबर्नला लॉकडाऊन होतं, आमची परतीची विमानं बंद होती, घराजवळच्या किनाऱ्यावर जायची तेवढी मुभा होती. खडकांतल्या उथळ पाण्यात जावई गळाला रबरी मासळी लावून ती नाचवायचा आणि फ्लॅटहेड नावाचा चपटा मासा धरायचा. त्या सकाळी वारा गार होता, शेवाळाचा वास नाकात बसला होता. गळ खडकात अडकला. "जाऊ दे, दोरी तोडतो," जावई म्हणाला. "चांगला गळ टाकतोस? मी काढतो," म्हणत ह्यांनी, घसरू नये म्हणून त्याने दिलेले, तळाला खिळे असलेले बूट पायातून काढले. "बाबा, बूट घाला, फार स्लिपरी आहे." "जावईबापू, दर्यात कोणी बूट घालून उतरतं का? मालवणच्या माणसाला शिकवता?" पाण्याला हात जोडून हे अनवाणी उतरले आणि घसरून खडकांमधल्या खोल घळीत गेले. जावयाने मागोमाग उडी टाकली, ह्यांना माझ्याकडे ढकललं, मी मासा उचलायची जाळी पुढे करून ओढून घेतलं. पोलिसांची बोट आली तेव्हा पाणी सपाट झालं होतं. मी रडले नाही, ह्यांना टॉवेल गुंडाळला. अंत्यविधीला मोजकी माणसं होती, तीही मास्क लावून लांब लांब उभी. पुढे विमानं सुरू झाली, पण मुलगी जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. आम्ही अजून तिच्याकडेच आहोत. जावई चाळिशीचाही नव्हता. हे ऐंशीच्या पुढचे, हे वाचले.